एका बैलाचा पोळा

माझ्या उजव्या हाताला आमच्या स्वयंपाकघरात बंदी होती. बाकी मी सगळी चालत होते, फक्त तो हात नाही. मी गुरांची डॉक्टर. सुरतेजवळच्या सचिन गावापलीकडच्या खेड्यांतल्या म्हशी-गायी बघायचं माझं काम, आणि या कामात खांद्यापर्यंत हात कुठे घालावा लागतो हे लग्नानंतर लगेचच सासूबाईंना कुणीतरी सांगून टाकलं होतं. तेव्हापासून संध्याकाळी सुरतेतल्या नवागामच्या आमच्या खोलीसमोर मी मोपेड लावली की आतून पहिला प्रश्न यायचा.

"हात धोयात का?"

"धुतले, आई."

"साबन लाया का?"

"लावला. वर लाल औषधाच्या पाण्यात बुडवून काढले."

"ऱ्हाऊ दे. भाकरी मीच करस."

आता मला सांगा, दिवसभर चिखलात मोपेड ढकलून आलेल्या बाईला आयती भाकरी मिळत असेल तर ती कशाला भांडेल? मी ब्रसुद्धा काढला नाही. शेजारणी म्हणायच्या, काय सोशीक सून आहे हो तुमची! सोशीक कसली, आळशी म्हणा. लग्नाआधी आमच्या आईला माझी जी काळजी वाटायची, ती सासूबाईंनी परस्पर मिटवून टाकली होती.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. नवरा उधन्याच्या मिलमध्ये प्रिंटिंग खात्यात होता, सासूबाई धुळ्याकडचं घर मोडून आमच्याकडे आल्या होत्या, आणि मी रोज शहराच्या उलट दिशेला, खेड्यांकडे नोकरीला जात होते. सगळी दुनिया खेडं सोडून सुरतेत कामाला येते, आणि आमची सून सुरतेतून खेड्यात जाते, हा सासूबाईंच्या दृष्टीने माझ्या डोक्यात काहीतरी कमी असल्याचा पुरावा होता.

खेड्यातले लोक तरी कुठे वेगळे होते! मी गोठ्यात शिरले की माझ्या मागे बघायचे. "डॉक्टर क्यां छे?" मी म्हणायची, मीच. मग ते हसायचे, चहा द्यायचे आणि डॉक्टरची वाट बघत बसायचे. एकदा तर एका बाप्याने मला चहा पाजून, घरच्या बायकांशी ओळख करून देऊन, "साहेब येईपर्यंत आराम करा" म्हणून खाटेवर बसवलं. मी खाटेवर आणि म्हैस तिकडे कण्हतेय. शेवटी मी अशी काही ओरडले की म्हशीनेच आधी मान वर केली.

या सगळ्यात एक बा निघाली. बा म्हणजे एक म्हातारी, विधवा, मुलं शहरात हिरे घासायला गेलेली. दोन एकर ऊस, एक म्हैस आणि बैलांची जोडी एवढा तिचा संसार. म्हैस व्यायली आणि वार अडकली, तेव्हा तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि एकच विचारलं, "तारे हाथ छे ने? तो चाल." हात आहे ना, मग चल! मी हात घातला, वार काढली, म्हैस उठली. पुढे दूध घालायला डेअरीवर गेली तेव्हा बाने जी काही माझी जाहिरात केली, तिच्या जोरावर मी त्या गावात डॉक्टर झाले. डिग्री मला कॉलेजने दिली होती, पण गाव मला बाने दिलं. आणि त्याच बाचा बैल मी आमच्या गल्लीत आणून मरायला टाकला होता, ती ही हकिकत.

झालं असं. श्रावण संपत आला आणि सासूबाईंना पोळ्याची आठवण यायला लागली. दर वर्षी आमच्या गल्लीत पोळा म्हणजे मातीचे बैल. पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचं, नैवेद्य दाखवायचा, तो नैवेद्य आपणच खायचा. त्या वर्षी सासूबाईंनी मातीचा बैल हातात घेतला आणि खाली ठेवून दिला.

"मातीना बैलले पुरनपोयी कशी खावाडू?"

मी म्हटलं, दर वर्षी खाऊ घालता तशीच. तर त्या रडायला लागल्या. सासूबाई भांडताना मी रोज बघत होते, रडताना पहिल्यांदा बघितल्या. घर मोडताना बैल विकले होते, ते पोळ्याच्या आधी. त्यांच्या तोंडात शेवटचा घास घालता आला नाही, हे त्या आजवर कोणाला बोलल्या नव्हत्या. आणि कोणी रडलं की मी मूर्खपणा करते, हा माझा स्वभावच आहे. मी म्हटलं, "आणते खरा बैल."

मी बाच्या घरी गेले. बाला पोळा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बैलाला अंघोळ घालतात, रंगवतात, पुजतात, गोडधोड देतात. तिला फार गंमत वाटली. तिच्या गावात बैलाचे लाड होत, पण त्याला एक अख्खा दिवस देतात हे तिने ऐकलं नव्हतं. जोडी काही टेम्पोत मावणार नव्हती, म्हणून त्यातला गोरा, मोठ्या शिंगांचा बैल तिने दिला. टेम्पोत चढवताना त्याच्या पाठीवर हात ठेवून मला म्हणाली, "तारा भरोसे आपुं छुं, बेन. सांजे पाछो." तुझ्या भरवशावर देते, संध्याकाळी परत. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, बा, मी डॉक्टर आहे.

नवागामात तो बैल टेम्पोतून उतरला आणि गल्लीत जे काही झालं, ते काय सांगू! कापडाच्या लूमवरच्या माणसांनी खाडे मारले. रात्रपाळी करून झोपलेले उठून आले. ज्या पोरांनी बैल फक्त कॅलेंडरवर बघितला होता ती शेपटीला हात लावून पळत सुटली. कुणी शिंगं रंगवली, कुणी बेगड चिकटवली, कुणी कारखान्यातून साडीची चमकदार किनार आणून गळ्यात बांधली. एकाने तर कापडाचा अख्खा ताका अंगावर पसरून त्याची झूल केली. बैल मोठा गुणी. सगळं करू देत होता. सासूबाईंनी पाय धुतले, ओवाळलं आणि त्याच्या तोंडात पहिला घास घातला. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आयुष्यात एक तरी काम झकास जमलं.

आणि तेवढ्यात टेम्पोवाला सचिनला माल टाकायला गेला आणि मलाही निरोप आला की जवळच्या तबेल्यात एक म्हैस अडली आहे. मी जाताना बजावून गेले, "नैवेद्यापुरतं द्या हं. एक-एक घास." सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता इथे चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा. गावाकडे पोळ्याला प्रत्येक घराचे बैल असतात, आणि प्रत्येक घर आपापल्या बैलाला जेवू घालतं. इथे गल्लीभर घरं आणि बैल एक. आणि नैवेद्य न देता बैल दारावरून पुढे जाऊ देईल अशी खानदेशी बाई अजून जन्माला यायची आहे. त्यात आमच्याकडे पुरणाचे मांडे खापरावर भाजतात, एकेक मांडा परातीएवढा. समोर विदर्भाकडची एक शेजारीण राहायची, तिला तर चेवच आला. "आमच्या इकडं बैलाले अशी पातळ पोळी देत नाहीत, बाप्पा," म्हणून तिने जाडजूड, पुरणाने ठासून भरलेल्या पोळ्या आणल्या. मग इकडच्यांनी आणखी आणल्या. बैल बिचारा पाहुणा, त्याला नाही म्हणता येत नव्हतं.

मी परत आले तेव्हा दुपार कलत होती. बैल गल्लीच्या मधोमध पाय फाकून उभा होता. डावी कूस नगाऱ्यासारखी तट्ट फुगलेली, तोंडातून लाळ, दात करकर वाजवतोय, डोळे खोल गेलेले. चार बायका त्याला वारा घालत होत्या. एक म्हणाली, "दृष्ट लागली वाटतं." मी म्हटलं, "दृष्ट नाही, पोळी लागली! किती घातल्या?"

चौघींचं वारा घालणं थांबलं.

"अहो, विचारतेय. किती घातल्या?"

"आम्ही तर एक घासच दिला," पहिली म्हणाली. "आम्ही पण," दुसरी. "आमचा तर कुत्र्याने नेला," तिसरी. गल्लीतलं प्रत्येक घर एक घास. माझं डोकं सणकलं. मला हिशेब हवा होता. थोडं खाल्लं असेल तर तेल-सोडा पाजून निभावतं. पण गव्हाचं पीठ, गूळ आणि डाळ यांचा मोठा ढीग पोटात गेला तर तो आंबतो, रक्तात विष होतं आणि जनावर रात्रीत जातं. मग पोट फाडून सगळं बाहेर काढण्याशिवाय इलाज नसतो. फाडायचं की नाही, ते या बायांच्या खरं बोलण्यावर होतं, आणि या बाया घाबरून एका घासाच्या पुढे जायला तयार नव्हत्या.

मग मला सुचलं. मी बॅग बंद केली आणि मोठ्याने म्हटलं, "चला, बरं झालं. म्हणजे एवढ्या मोठ्या गल्लीने मिळून एका पाहुण्याला एकेक घास वाढला. बाला सांगते, आमच्याकडे हे असंच. हात जरा आखडता आहे सगळ्यांचा."

"आखडता?" विदर्भवाली उसळली. "मी पाच दिल्या! पाच! वरून तूप!"

"पाच?" तिच्या शेजारचीने कमरेवर हात ठेवला. "मी सात मांडे दिले, आणि वाटीभर गुळवणी!"

"आमच्याकडून तर टोपलं दिलं टोपलं!"

मी मनात बेरीज करत होते आणि माझ्या तोंडचं पाणी पळत होतं. शेवटी सासूबाई पुढे आल्या. मान खाली. "मीबी दिधात," त्या म्हणाल्या. "परातभर. तू गयी ना, मंग आखो दिधात. तो खाये ऱ्हायंता ना माय, मना हात थांबेच ना."

तू गेल्यावर आणखी दिलं, खात होता ना माय, माझा हात थांबेचना. मी आयुष्यात सासूबाईंना पुष्कळ उलट बोलले आहे, पण त्या क्षणी मी नुसती बाही वर केली.

ऑपरेशन तिथेच केलं, गल्लीत, उभ्या बैलावर. अशी ऑपरेशनं उभ्यानेच करतात, फक्त कापायच्या बाजूला भूल देऊन. केस भादरले, औषधाने धुतलं, इंजेक्शनं दिली. दोघा लूमवाल्यांना दोर धरायला लावलं. नवऱ्याला शेपटी धरायला दिली, कारण तिकडून काही दिसत नाही आणि हा माणूस बोटाला सुई टोचली तरी खाली बसतो. बायकांना म्हटलं, घरात जा. एकही हलली नाही. उलट ओट्यांवर गर्दी झाली, लेकरं खांद्यावर चढली.

मी कूस कापली, पोटाची पिशवी ओढून कडांना धरली आणि छेद दिला. जो काही आंबूस भपका आला! पुढची रांग मागे गेली आणि मागची पुढे आली. मग मी हात घातला आणि बाहेर काढायला लागले. गुरं आधी गिळतात आणि नंतर निवांत चावतात, त्यामुळे पोळ्या बऱ्याचशा जशाच्या तशा होत्या. मी घमेल्यात टाकत होते आणि वर ओट्यांवर पंचायत भरली.

"हा मांडा मना नही. मना पातय ऱ्हास."

"ही जाड तुझी गं, विदर्भवाले!"

"माझी? माझ्या पुरणात विलायची असते. वास घेऊन बघ!"

"ही काठाला करपलेली कोणाची? सांगा, सांगा!"

"आणि ही... अगं बया, ही तर विकतची!"

एका घराचं त्या दिवशी जे नाव गेलं, ते अजून परत आलेलं नाही. "गप्प बसा!" मी ओरडले. "कोणी तोंड उघडलं तर त्याचंही पोट उघडीन!" गल्ली चिडीचूप झाली.

त्या शांततेत मला पाठीमागे टेम्पोचं दार आपटल्याचा आवाज आला. टेम्पोवाला मघाशीच येऊन, एक नजर टाकून, तसाच माघारी बाच्या गावाला पळाला होता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मान वळवली. बा उभी होती. तिने बैलाची उघडी कूस बघितली. त्यात दंडापर्यंत गेलेला माझा हात बघितला. घमेली बघितली. मला वाटलं, झालं. आता ही मला काय म्हणेल ते म्हणो, मला कमीच आहे. हात मात्र काढता येत नव्हता.

बा बैलाच्या तोंडाशी गेली, त्याची मान आपल्या खांद्यावर घेतली आणि उभी राहिली. मी पोट रिकामं केलं, धुतलं, आत औषध सोडलं, थर जुळवून शिवलं, सलाईन लावलं. अंधारायच्या आत संपवलं. मग बाला म्हटलं, "बा, पुढे देव जाणे. त्याने रवंथ केला तर जगला. तोवर त्याला हलवता येणार नाही."

"कोणे खवडाव्युं?" तिने विचारलं. कोणी खाऊ घातलं?

अख्ख्या गल्लीने खाऊ घातलं होतं, पण सासूबाई एकट्याच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मी." बाने त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

बा तिथेच राहिली. बैलाशेजारी खाट टाकली. आमच्या घरचं पाणीसुद्धा प्यायली नाही. किराणावाल्याकडून पीठ आणवलं, कुणाचा तरी स्टोव्ह मागितला आणि ओट्यावर आपला ज्वारीचा रोटलो स्वतःच थापला. माझ्याशी औषधापुरतं बोलायची, सासूबाईंशी तेवढंही नाही. मला नोकरीची भीती वाटत नव्हती, बाच्या डोळ्यांची वाटत होती. तिच्या उसाच्या सऱ्या, तिची गाडी, तिचा सगळा प्रपंच त्या जोडीवर चालायचा. आणि दुसरा बैल गोठ्यात एकटा हंबरतोय, असा गावाहून निरोप येत होता.

गल्लीचं सगळं लक्ष बैलाच्या जबड्याकडे. लूमवरून येणारा पहिलं विचारायचा, "हलला का?" एकदा त्याने माशीला हुसकायला तोंड हलवलं तर कोपऱ्यावर टाळ्या वाजल्या. कोणी चोरून गूळ देईल म्हणून बा काठी घेऊन बसलेली. विदर्भवाली नुसतं बघायला आली तरी बा तिच्या पदराखाली काही आहे का ते तपासायची.

घरात दुसरीच तऱ्हा. सासूबाई जेवत नव्हत्या. ताट वाढलं की सरकवायच्या. "जवय तो खाई, तवय मी खासू." मी समजावलं, रागावले, आई, तुम्ही उपाशी राहून त्याचं पोट चालणार आहे का, मला त्याचं शास्त्र माहीत आहे. नवऱ्याने हात जोडले. दिवसभर नुसत्या चहावर. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या दारात बसायच्या, बैल दिसेल अशा. बा खाटेवर. दोघींच्या मध्ये बैल. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धी कळत होती, पण बोलायला काही नव्हतंच.

त्याच्या पुढच्या सकाळी मी ताप मोजायला वाकले होते. बा स्टोव्हवर रोटलो भाजत होती. बैलाच्या गळ्यातून काहीतरी वर सरकलं. मी श्वास रोखला. जबडा एकदा डावीकडे गेला, थांबला, मग उजवीकडे. मग पुन्हा. डोळे अर्धे मिटून तो निवांत चावायला लागला, जणू मधे काही घडलंच नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मला त्याची लाज वाटली नाही. वरच्या ओट्यावरून कुणीतरी बोंब ठोकली, "हलला! हलला!" आणि दारं धडाधड उघडली.

बाने रोटलो तव्यावरून उतरवला. बैलाजवळ जाऊन त्याचा जबडा हलताना हाताने चाचपून बघितला, कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं. मग ती परत आली, रोटलो मधोमध मोडला आणि अर्धा घेऊन थेट आमच्या दारात आली. सासूबाई उठायला बघत होत्या, पण त्यांच्याने उठवेना. बा त्यांच्यासमोर खाली बसली.

"मने बधी खबर छे," ती म्हणाली. मला सगळं माहीत आहे, कोण उपाशी बसलंय तेही. "ले. हवे तुं खा." घे, आता तू खा.

सासूबाईंनी तो तुकडा घेतला. गल्ली बघत होती. त्यांनी घास तोंडात घातला, बराच वेळ चावला, डोळे पुसले, आणि मग तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाल्या, "मीठ कमी शे."

कोणी हसलं नाही. कोणाची हिंमत होती! बाने आपल्या हातातल्या अर्ध्या रोटल्याचा तुकडा मोडून चाखला, विचार केला आणि माझ्याकडे वळली.

"साची वात," तिने कबूल केलं. "बेन, मीठुं लाव."

मी उठले आणि मीठ आणायला स्वयंपाकघरात गेले. हात धुतले का, असं या वेळी कोणी विचारलं नाही.